डिस्प्रॅक्सिया (मुलांमधील)

डिस्प्रॅक्सिया : शरीराच्या हालचालींची आखणी करणे, त्यांचा क्रम लावणे व त्या सफाईने पार पाडणे यांत लहानपणापासून असणारी अडचण. वैद्यकीय परिभाषेत विकासात्मक समन्वय विकार. शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत तो आढळतो. मुलग्यांत निदान अधिक होते. बुद्धी कमी असल्याने तो होत नाही, लाडावल्यानेही नाही.

सांगली-मिरजेकडे असे मूल ‘वेंधळे’, ‘धांदरट’ ठरते आणि अक्षर सुधारावे म्हणून त्याच्याकडून पानेच्या पाने पुन्हा लिहून घेतली जातात. याने हात दुखतो, अक्षर सुधारत नाही.

ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे शाळेचे मैदान. पंधरा ऑगस्टच्या आधी लेझमीचा सराव चालतो. मुलाला हलगीचा ठेका कळतो, तोंडाने आकडेही बरोबर येतात. पण लेझीम खाली नेणे, पाऊल टाकणे आणि वळणे एकत्र आले की ते रांगेच्या मागे पडते, शेजाऱ्याकडे पाहून पाय उचलू लागते. प्रकार बदलला की पुन्हा पहिल्यापासून. घरी शर्टाची बटणे वर-खाली लागतात, एका हाताने चपातीचा तुकडा मोडता येत नाही, बरोबरीची मुले सायकलवर शाळेत जाऊ लागली तरी याचा तोल सावरत नाही. वर्गात तोंडी उत्तर चोख, वहीत मात्र दोन ओळी. हा फरक शिक्षकांच्या नजरेतून सुटता कामा नये.

मुलांच्या वाढीचा वेग वेगवेगळा असल्याने पाच वर्षांच्या आत सहसा निदान करत नाहीत. बालरोगतज्ज्ञ आधी नजर, नसा व स्नायू तपासतात. मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून सराव व उपचार देणारे तज्ज्ञ) हालचालींची प्रमाणित चाचणी घेतात. अवधानाची कमतरता किंवा वाचनातील अडचण पुष्कळदा जोडीला असते, म्हणून तीही पाहावी. आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, एकच बाजू दुबळी वाटली किंवा मांडीवर हात टेकवून उठावे लागत असेल, तर ते वेगळ्या आजाराचे लक्षण असू शकते. तेव्हा थांबू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३ पासून) पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत एकदा येतात. त्या दिवशी शिक्षकांनी मुलाचे नाव सांगावे. पुढच्या तपासणीसाठी सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय व मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

यावर औषध नाही. नेमके काम नेमकेपणाने शिकवणे हाच उपचार. काय करायचे, कसे करायचे हे मुलानेच ठरवावे, करून पाहावे, जमले का ते तपासावे. बटण शिकवताना शर्ट आधी टेबलावर पसरावा, मोठ्या बटणापासून सुरुवात करावी. अंगावर घातल्यावर खालचे बटण पहिले, कारण ते डोळ्यांना दिसते. जत-आटपाडीहून दर आठवड्याला सांगली गाठणे अनेकांना जमत नाही. अशा वेळी थेरपिस्टने लिहून दिलेला रोजचा दहा मिनिटांचा सराव फार मोलाचा. शाळेने फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील कागद द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या मात्र मुख्यतः वाचन, लेखन व गणिताच्या असतात. म्हणून थेरपिस्टचा अहवाल आणि वर्गातल्या वह्या पालकांनी सोबत न्याव्यात.