मरणाची आठवण जगण्याच्या कामी कशी आली

घरात मरणाचा विषय निघाला की कुणीतरी 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प बसवतंच. मृत्युपत्र करून ठेवावं म्हटलं तरी 'आत्तापासून कशाला ते अभद्र?' असा सूर लागतो. गंमत अशी, की ज्या परंपरेच्या नावावर ही गप्प बसण्याची शिस्त खपवली जाते, तिने मरणावर भरभरून बोलून ठेवलं आहे. आणि ते बहुतेक बोलणं मरणाऱ्यासाठी नाही, दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागणाऱ्यासाठी आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला यम आपल्या कॅलेंडरवरच्या यमासारखा फास घेऊन येत नाही. तो मेलेला पहिला माणूस. पुढची वाट त्याने शोधली आणि मागच्यांनी त्याच वाटेने जायचं, इतकंच. त्याच मंडलातलं अठरावं सूक्त अंत्यविधीचं आहे. त्यात मृताला निरोप दिला जातो, जिवंतांच्या बाजूने एक मर्यादा आखली जाते आणि परत फिरलेली माणसं म्हणतात, 'प्राञ्चो अगाम नृतये हसाय'. आम्ही पुढे निघालो, नाचायला आणि हसायला. स्मशानातून परतताना म्हणायचे हे शब्द आहेत, हे आज सांगितलं तर अनेकांना खरं वाटणार नाही.

कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, पण लक्षात राहतो तो तिसरा वर, म्हणजे मेल्यावर माणूस उरतो का हा प्रश्न. तो टाळण्यासाठी यम त्याला शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं, हत्ती, घोडे, सोनं असं बरंच काही देऊ करतो आणि पोरगा ते सगळं परत करतो. मला मात्र पहिला वर जास्त महत्त्वाचा वाटतो. मृत्यूच्या दारात उभं राहून त्याने आधी काय मागितलं? वडिलांचा राग निवावा, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावं. आत्म्याची विचारपूस त्यानंतरची.

बौद्ध परंपरेने हीच आठवण सरावाची बाब केली. मरणस्मृतीबद्दलच्या एका पाली सुत्तात भिक्षू आपापला अभ्यास सांगतात. एक म्हणतो, 'मी एक दिवस-रात्र जगेन असं धरून चालतो', दुसरा एका जेवणापुरतं म्हणतो, आणखी एक चार-पाच घासांपुरतं. बुद्ध या सगळ्यांना गाफील ठरवतो. एक घास चावून होईपर्यंत किंवा एक श्वास आत-बाहेर होईपर्यंत आपण आहोत, असं धरणारेच त्याच्या मते जागे.

महाराष्ट्राच्या डोंगरांत या अभ्यासाच्या खुणा दगडात उरल्या आहेत. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, चैत्यगृहापासून जवळच, चौदा लहान स्तूप दाटीवाटीने कोरलेले आहेत. पाच आत, नऊ बाहेर. दिवंगत थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे, हे स्मारकस्तूप, काहींवर त्यांची नावंही आहेत. कान्हेरीतही अशा स्तूपांची एक वेगळी जागा आहे. आपण तिथे पावसाळी सहलीला जातो, फोटो काढतो आणि पुढच्या धबधब्याकडे वळतो. पण तिथे राहणारा भिक्षू रोज आपल्या गुरूंच्या स्मारकांसमोरून ये-जा करत असणार. मरण त्याच्या वस्तीतच होतं.

याला समांतर एक दुसरा प्रवाहही वाहत राहिला, भीतीचा. वैतरणी, यमदूत, नरकांच्या याद्या आणि त्यातून सुटण्यासाठी करायची दानं. घरात सुतक असताना गरुडपुराण वाचण्याची चाल आजही आहे. त्या दिवसांत माणसं एकत्र बसतात, रडतात, गेलेल्याबद्दल बोलतात, हे मोलाचंच. पण या वर्णनांनी कुणाचं रोजचं वागणं बदललं असं निदान मला तरी वाटत नाही. भीतीने हिशेब सुरू होतात, आणि हिशेब दान देऊन मिटवताही येतो.

संतांनी हा हिशेबच मोडला. एकनाथांची एक गोष्ट सांगतात. एकाने त्यांना विचारलं, तुम्हाला राग, लोभ, भांडण कसं शिवत नाही? नाथ म्हणाले, ते राहू दे, तुझे आता आठच दिवस उरलेत. तो घाबरून घरी गेला, निरवानिरव करू लागला, ज्यांना दुखावलं होतं त्यांची माफी मागू लागला. मुदत संपल्यावर नाथांनी विचारलं, या दिवसांत किती भांडणं केलीस? तो म्हणाला, वेळ कुठे होता? काही जण सातच दिवस सांगतात, तपशील बदलतात, पण गोष्टीचा रोख कायम राहतो.

तुकोबांकडे मात्र हे गोष्टीत राहिलं नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचं घर धुऊन नेलं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं ते स्वतःच सांगतात. त्यानंतर काय केलं? देवळाची पडझड झाली होती, ते बांधायला घेतलं. परंपरा सांगते, की सावकारीच्या कागदांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला. कुळांच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल, याची कल्पनाच करावी. मरण जवळून पाहिलेला माणूस इथे संन्यास घेत नाही, लोकांचं कर्ज सोडून देतो.

पुढे कधीतरी तेच लिहितात, 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य'. या धाटणीच्या अभंगांत ते स्वतःचा देह बोळवतात, स्वतःचं पिंडदानही उरकतात. अहंकार गेला तेव्हा सुकाळ झाला, असं त्याच अभंगात येतं. दुष्काळात बायको गमावलेल्या माणसाची ही ओळ आहे, हे विसरून ती वाचूच नये. आणि परलोकाचं म्हणाल तर 'हेंचि दान देगा देवा'मध्ये मुक्ती नको असं स्पष्ट म्हटलं आहे. संतांचा संग मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासात घाल.

रामदासांचा बाज निराळा. दासबोधातल्या मृत्युनिरूपणाच्या समासात 'संसार म्हणिजे सवेंच स्वार । नाहीं मरणास उधार' अशी सुरुवात करून ते 'मृत्य न म्हणे' या पालुपदावर सगळ्यांना एका रांगेत उभं करतात. योद्धा असो, धनवंत असो, पंडित असो, कुणाची गय नाही. वाचताना धाप लागते. पण 'आधी प्रपंच करावा नेटका' असं बजावणारेही तेच.

विसाव्या शतकात हा धागा धुळ्याच्या तुरुंगात सापडतो. १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. आठव्या अध्यायात अंतकाळी जे मनात असेल तशी गती मिळते असं म्हटलं आहे, आणि त्यावरून शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजल आणि नाव घातलं की झालं, अशी सोयीची समजूत रूढ झालेली. विनोबांनी ती उलटवली. शेवटचा क्षण आयुष्यभराच्या संस्कारांचा साठाच बाहेर काढतो, म्हणून मरणाचं स्मरण रोज हवं. गीतेतही तिथे 'सर्व काळी माझं स्मरण कर आणि लढ' असंच आहे. श्रोते कैदी होते, लढून आत आलेले. १५ नोव्हेंबर १९८२ला पवनारला विनोबा गेले ते हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न-औषध सोडून. त्या प्रायोपवेशनाची चर्चा फार होते, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची तितकी होत नाही.

मधल्या काळात मरण घरातून इस्पितळात गेलं. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारं शांती अवेदना सदन मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने, बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती. २०२३मध्ये ती अट सैल झाली आणि आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. साक्षीदार दोन लागतात. शिवाय आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने ठरवणाऱ्यांची नावं त्या कागदावर लिहावी लागतात, आणि नाव लिहायचं तर आधी त्या माणसाशी बोलावं लागतं.