तपकीर गल्लीतले कर्नल

ऐन मे महिन्यात पंखा रुसला. बटण दाबलं की नुसतं हुंऽऽ करायचा. झाडूच्या दांड्यानं पातं ढकललं की मग नाइलाजानं फिरायचा. असं झालं की बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारी मोटरजवळची छोटी डबी, गेलेला असतो. घरातल्या सिंगल फेज विजेचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी मागं-पुढं होतं, गोल फिरत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरी वाइंडिंग (तारेचं वेटोळं) घालतात आणि कॅपॅसिटर तिच्यातल्या प्रवाहाला पहिलीच्या जरा पुढं ठेवतो. टाळ्या एकदम न पडता मागंपुढं पडाव्यात तसं. त्या फरकातून क्षेत्र फिरू लागतं, पाठोपाठ पंखा.

पुण्यात विजेच्या सामानाचा बाजार म्हणजे तपकीर गल्ली. तिथल्या दुकानदारानं एवढंच विचारलं, "अडीचचा का तीन-पंधराचा?" म्हणजे कॅपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा, हे त्याचं माप. पंख्याची कंपनी विचारलीच नाही. त्याच्या मागं छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवर एक नाव ओळीनं दिसत होतं : क्रॉम्प्टन. हे कोण, म्हटलं. "कंपनी आहे ना काका!"

कंपनीच्या आधी माणूस होता. रुक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन, जन्म 1845, यॉर्कशायर. विजेकडे ते वळले वाफेवरून, आणि वाफेचा नाद पुरता फळला तो हिंदुस्थानात. 1864 मध्ये रायफल ब्रिगेडचे अधिकारी म्हणून आले. लष्कराचं सामान बैलगाड्यांवरून रखडत जाताना बघून त्यांनी रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा ध्यास घेतला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारनं पाठबळ दिलं, रबरी धावांची इंजिनं इंग्लंडमध्ये बनवून घेतली आणि ती पंजाबात सामान ओढू लागली. त्यातल्या एकाचं नाव होतं 'चिनाब'. आगगाडीपुढं या गाड्यांचा टिकाव लागला नाही, तो भाग निराळा.

मायदेशी परतल्यावर नात्यातल्या एका ओतकाम कारखान्यात रात्रपाळीला उजेड हवा होता. तिथं आर्क दिवे (दोन कार्बनकांड्यांमधल्या विजेच्या झोताचे) लावता लावता साहेबांना धंदा सापडला. 1878 मध्ये चेम्सफर्डला कंपनी काढली. दुसऱ्यांचे डायनामो आणायचे, ते उघडून बघायचे, सुधारायचे, विकायचे. पुढं किंग्ज क्रॉस स्टेशनपासून व्हिएन्नाच्या ऑपेरा हाउसपर्यंत त्यांचे दिवे लागले.

आता गंमत. हे गृहस्थ डीसीचे, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचे कट्टर पुरस्कर्ते. 1886-87 मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन कोर्टात त्यांनी वस्तीतच छोटं वीजघर उभारलं, फुटपाथखालून उघड्या तांब्याच्या पट्ट्या नेल्या, बॅटऱ्या ठेवल्या. रात्री मागणी घटली की इंजिन बंद, दिवे बॅटरीवर. हिशेब चोख होता, पण अंतर आडवं आलं. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दूर न्यायची तर व्होल्टेज चढवून प्रवाह कमी करायला हवा, आणि व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर चालतो फक्त एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर. विशीतला फेरांटी नावाचा इंजिनिअर तेव्हा डेप्टफर्डहून 10,000 व्होल्टनं लंडनला वीज द्यायच्या खटपटीत होता. त्याचेही हात पोळले, पण वाट त्याचीच बरोबर ठरली. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीत उतरवून 1915 पासून मुंबईला वीज गेली, तीही एसीच. वस्तीतल्या वीजघराच्या हिशेबात हे बसलंच नसतं.

हरलेली बाजू धरणारा माणूस विस्मरणात जायचा. कर्नल (ही पदवी नंतरची) तसे गेले नाहीत, कारण त्यांची माझ्या मते सगळ्यात मोठी कामगिरी यंत्रात नाहीच. पहिल्या महायुद्धाच्या शेवटीसुद्धा एकट्या लंडनमध्ये 10 फ्रिक्वेन्सी आणि 24 व्होल्टेजं नांदत होती. घर बदललं की दिवे बदला! हा गोंधळ कर्नलना आधीच खुपत होता. 1904 मध्ये सेंट लुइसच्या वीज परिषदेत त्यांनी प्रमाणीकरणाचा विषय मांडला आणि 1906 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग स्थापन झाला. पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन, मानद सचिव क्रॉम्प्टन. व्होल्ट, हर्ट्झ, मोटरच्या नेमप्लेटवरचे आयपी आकडे (धूळ-पाण्यापासून बचाव किती ते सांगणारे) यांबद्दल जगानं एकाच भाषेत बोलावं, ही खटपट तिथून चालू आहे. दुकानदारानं कंपनी का विचारली नाही, ते आता कळलं असेल.

कर्नल 1940 मध्ये वारले. चेम्सफर्डची कंपनी त्याआधीच, 1927 मध्ये, पार्किन्सन नावाच्या कंपनीत मिसळली होती.

अडीचचा कॅपॅसिटर खिशात टाकून निघालो, तर दुकानदारानं नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा पुढं केला. आतलं सर्किट एसीची आधी डीसी करतं, मग चुंबकाच्या रोटरला हवी तशी फिरवतं. साध्या पंख्याच्या 75 वॉटच्या जागी तिशीच्या आसपास. "याला तो अडीचचा लागतच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, कर्नलना सांगायला हवं. त्याला वाटलं, कँपातलं कुणी गिऱ्हाईक असेल. "पाठवा की, डिस्काउंट देतो."