मोर्सचा सूर किती हर्ट्झला लावावा?

रेडिओतला फिल्टर (ठरावीक पट्ट्यातलेच सूर आत सोडणारा भाग) जितका अरुंद तितका मोर्स (आखूड-लांब सुरांतला संदेश) स्पष्ट, हा समज नव्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत फार पक्का असतो. नाशिकच्या दाट वस्तीत तर त्याचा मोह आणखी वाढतो, कारण स्वस्त एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर ४० मीटर बँडवर (हॅम मंडळींच्या एका लहरी-पट्ट्यावर) खरखर ओततात. बँडविड्थ, म्हणजे फिल्टरची रुंदी, २४०० हर्ट्झवरून ५०० वर आणली की गोंगाट सुमारे ७ डेसिबलने उतरतो, यात वाद नाही. पण ५० हर्ट्झवर गेलात की फिल्टरच घुमू लागतो.

फिल्टरला चढायला आणि उतरायला ढोबळमानाने १ भागिले बँडविड्थ इतका वेळ लागतो. ५० हर्ट्झला तो २० मिलिसेकंद. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात एक डिट (मोर्सचा आखूड ठिपका) ४० मिलिसेकंदांचा, पुढची शांतताही तेवढीच. म्हणजे निम्मी शांतता घुमण्यातच बुडते. वळवाच्या दिवसांत विजेची प्रत्येक कडकड अशा फिल्टरमधून तुमच्याच सुरात बाहेर पडते आणि चक्क डिट वाटते.

खरी गंमत कानात आहे. कानातल्या शंखाकृती नळीत निसर्गाने फिल्टरच बसवलेत. ८०० हर्ट्झजवळ त्यांची रुंदी साधारण ११० हर्ट्झ, तर ५०० जवळ ८० च्या आत. मोर्स कुठल्या सुरात ऐकायचा हे सेटवर आपणच ठरवतो; तो सूर खाली आणला की कान आपोआप जास्त निवडक होतो. समजा, दोन स्टेशनांत ५० हर्ट्झचं अंतर आहे. ८०० आणि ८५० मध्ये जेमतेम सा ते कोमल रे एवढाच फरक. ४०० आणि ४५० मध्ये मात्र सा ते शुद्ध रे!

म्हणून सूर ४५० ते ५५० च्या दरम्यान ठेवा आणि हेडफोन लावा; छोटे स्पीकर इतक्या खाली दुबळे पडतात. शोधताना फिल्टर ५०० हर्ट्झ, स्टेशन सापडल्यावर २५०. शेजारी तगडा सिग्नल असेल तर आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) उतरवा, नाहीतर एजीसी (आवाज आपोआप सम राखणारी यंत्रणा) तुमचं क्षीण स्टेशनही दाबून टाकतं.

सूर बदलला की फिल्टरचा मध्यही तिथेच हवा. ५०० चा सूर आणि ७०० वर मध्य असलेला २५० चा फिल्टर, म्हणजे सिग्नल बाहेरच राहिला. नव्या सेटमध्ये हे बहुधा आपोआप जुळतं. जुन्या क्रिस्टल फिल्टरच्या सेटमध्ये मध्य ठरलेला असतो. तिथे ऑफसेट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या कंप्रतेतला फरक) ७०० चाच ठेवून नुसता साइडटोन (पाठवताना स्वतःला ऐकू येणारा सूर) ५०० केला आणि त्याच्याशी समोरचा सूर जुळवला, तर तुम्ही २०० हर्ट्झ बाजूला पाठवता. समोरच्याने २५० चा फिल्टर लावला असेल, तर तुमची हाक त्याला ऐकूच जात नाही.