जाड ठिणगीने गाडी जोरात पळते का?

पुण्याच्या नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांपाशी घटकाभर उभं राहिलं, तरी गाडी 'पळवण्याचे' उपाय मोजावेत तेवढे थोडे. इरिडियम प्लग, अंगठ्याएवढी जाड प्लग वायर, 'रेसिंग' असं छापलेली कॉइल (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करते ती), 'अनलिमिटेड' सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारी डबी). आणि अर्थिंग किट: चार-पाच रंगीत वायरी, टोकांना सोनेरी टर्मिनल, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या हेडपर्यंत आणि चॅसीपर्यंत जोडायच्या. बसवून घेतलेला माणूस शपथेवर सांगतो, पिकअप वाढला, अ‍ॅव्हरेज चार-पाचने सुधारलं. तो खोटं बोलत नसतो. पण त्याला जे जाणवतं ते किटमुळेच घडलंय, हे मानायला मात्र जरा हिशेब करावा लागतो.

हिशेब ठिणगीपासूनच करू. १५० सीसीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एका दमात साधारण ०.१५ ग्रॅम हवा ओढतं. पेट्रोल नीट जळायला त्याच्या १४-१५ पट वजनाची हवा लागते, म्हणजे त्या हवेबरोबर सुमारे ०.०१ ग्रॅम पेट्रोल आत जातं. ते जळलं की चारशेहून जास्त ज्यूल उष्णता मिळते. आणि ठिणगीची ऊर्जा? कंपनीच्या साध्या कॉइलची तीस-चाळीस मिलीज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या ऊर्जेच्या दहा हजारावा भाग. ती दुप्पट केली तरी चाकापर्यंत पोचणाऱ्या ताकदीत तिची भर नाहीच. ठिणगीचं काम मिश्रण पेटवण्याचं. ते पेटलं की तिचा संबंध संपला. शेगडीला लायटरऐवजी मशाल लावली म्हणून चहा लवकर उकळत नाही.

स्थिर, योग्य प्रमाणातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायला एका मिलीज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. कंपनी तीस-चाळीस देते, कारण सिलिंडरच्या आत वारा भणाणत असतो, थंडीत मिश्रण बिघडतं, प्लगवर काजळी धरते. हा राखीव साठा गाडीत आधीपासूनच असतो. बाजारातली कॉइल त्या साठ्यावर आणखी साठा विकते.

'चाळीस हजार व्होल्टची कॉइल' या जाहिरातीतही एक गंमत आहे. कॉइल किती व्होल्ट देऊ शकते आणि प्रत्यक्षात किती देते, या दोन वेगळ्या गोष्टी. प्लगच्या फटीतला दाब आणि फटीचं अंतर यांवर ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज ठरतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी हा नियम १८८९ साली मांडला. मोटारसायकलच्या प्लगची फट असते साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, आणि तिला इंजिनाच्या स्थितीप्रमाणे दहा ते वीस हजार व्होल्ट लागतात. पंधरा हजाराला ठिणगी पडली, की व्होल्टेज तिथेच कोसळतो. कॉइल चाळीस हजारांची असली तरी वरचे पंचवीस हजार कधी जन्मालाच येत नाहीत.

याच नियमात गॅरेजमधल्या एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर आहे. गाडी उभ्यावर छान गुरगुरते, सपाटीला ठीक चालते, पण कात्रजचा घाट लागला की मिसिंग मारते. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, सिलिंडर गच्च भरतो, ठिणगीच्या क्षणी दाब वाढलेला असतो आणि त्याबरोबर लागणारा व्होल्टेजही. अशक्त कॉइल, भेगाळलेली प्लग कॅप किंवा फट वाढलेला जुना प्लग नेमका तिथे मान टाकतो. अशा गाडीला नवी कॉइल आणि नवा प्लग टाकला की ती खरोखरच उडते. पण साध्या कंपनीच्या कॉइलनेही ती तितकीच उडाली असती. गाडीची हरवलेली ताकद परत आली, एवढंच. नवी आली नाही.

इरिडियम प्लगचंही असंच. इरिडियम हा धातू वितळतो २,४०० अंश सेल्सिअसच्याही वर, साध्या प्लगमधलं निकेल १,४५५ ला. त्यामुळे मधला इलेक्ट्रोड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक करता येतो, तरी लवकर झिजत नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते आणि प्लग जास्त टिकतो. हे फायदे खरे आहेत, टिकाऊपणाचा तर नक्कीच. पण नव्या साध्या प्लगशी तुलना केली तर ताकदीतला फरक सीटवर बसून कळण्याइतका नसतो. लोक तुलना करतात ती वीस हजार किलोमीटर घासलेल्या प्लगशी.

आता अर्थिंग. इथे मला खरी मौज वाटते, कारण दावा ऐकायला अगदी शास्त्रीय आहे: अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, चांगला तर ठिणगी चांगली. ठिणगीचा करंट प्लगमधून हेडमध्ये, हेडमधून इंजिन-चॅसीतून परत कॉइलकडे जातो, हे बरोबर. पण त्या वाटेवर काय काय आहे ते पाहा. रेडिओत खरखर होऊ नये आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास होऊ नये म्हणून प्लग कॅपमध्ये कंपनीने मुद्दाम रेझिस्टर बसवलेला असतो, बहुतेक वेळा पाच हजार ओहमच्या आसपास. 'आर' अक्षराच्या प्लगमध्ये आणखी एक. आणि अर्थिंग किट काय कमी करतं? अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाचा आणि लोखंडी चॅसीचा, ओहमच्या शंभराव्या-हजाराव्या भागाचा रोध. पाच हजारांच्या वाटेवर एक शतांश ओहम वाचवला, तर ठिणगीला त्याचा पत्ताही लागत नाही.

कॉइलच्या प्राथमिक बाजूला, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टच्या बाजूला, बघितलं तरी गणित फार बदलत नाही. तिथे सरासरी दोन-तीन अ‍ॅम्पियर वाहतात. ०.०१ ओहमवर तीन अ‍ॅम्पियर म्हणजे ०.०३ व्होल्ट. चार्जिंग तेरा ते साडेचौदा व्होल्टच्या मधे खालीवर होत असताना या ०.०३ ला कोण विचारतो? बीएस-६ या प्रदूषण-नियमाच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, बॅटरीचा व्होल्टेज बघून कॉइल भरायचा वेळ स्वतःच कमी-जास्त करतो. आणि जुन्या कितीतरी १०० सीसी गाड्यांच्या सीडीआयला वीज मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या छोट्या जनित्राकडून येते, बॅटरी काढून ठेवली तरी त्या चालतात. अशा गाडीच्या बॅटरीला रंगीत वायरी लावून ठिणगी सुधारेल, ही अपेक्षा म्हणजे भाबडेपणाच.

मग काहींना फरक पडतो तो कसा? कारण त्यांचा मूळ अर्थ सडलेला असतो. पुण्यात चार महिने चिखलपाण्यातून गाडी हाणायची आणि वर दर आठवड्याला प्रेशर वॉशिंग. बॅटरीची निगेटिव्ह वायर चॅसीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रिंग टर्मिनलखाली हिरवट भुकटी साठते. कधी चॅसी रंगवून आणलेली असते आणि टर्मिनल थेट रंगावर आवळलेलं असतं. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तर तीन अ‍ॅम्पियरला दीड व्होल्ट गायब. हेडलाइट मंद, हॉर्न घोगरा, ठिणगी अशक्त. किट बसवताना मेकॅनिक हाच बोल्ट सोडतो, घासतो, पुन्हा आवळतो आणि शाबासकी मिळते सोनेरी टर्मिनलला.

हे तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगायचा. स्टार्टर पन्नासेक अ‍ॅम्पियर ओढत असताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला, तर तुमचा अर्थ उत्तम आहे, किटचे पैसे पेट्रोलात घाला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर सांधा शोधा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. ओहमच्या सेटिंगवर हे मोजत बसू नका, साध्या मीटरला एवढा लहान रोध धडपणे दिसत नाही.

राहिला तो 'मला जाणवतं' हा मुद्दा. एप्रिलच्या दुपारी पुण्यात चाळीस अंश, डिसेंबरच्या पहाटे दहा. या दोन हवांच्या घनतेत दहा टक्क्यांच्या आसपास फरक असतो आणि इंजिन जगतं ते हवेवर. शिवाय मुंबईपेक्षा पुण्याची हवा सहा-सात टक्के विरळ, सिंहगडावरची त्याहून. मे महिन्यात किट बसवलं आणि पाऊस सुरू होऊन हवा गार झाली, की गाडी बरी पळते. श्रेय कुणाला द्यायचं? अ‍ॅव्हरेजचं तर बोलायलाच नको. टाकी फुल म्हणजे कुठवर, इथपासून मतभेद, आणि पैसे खर्च केलेला माणूस पुढचा आठवडाभर थ्रॉटल आपसूक जपून पिळतो. म्हणूनच कोथरूडला वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांत गाडी रोलरवर चालवतात, खोलीचं तापमान बांधून, ठरलेल्या वेगाच्या आलेखावर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणं अशी तपासली. अ‍ॅव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही निघालं नाही.

ठिणगीच्या बाबतीत सुधारणा होतच नाही असं मात्र नाही. ती कधी पडते आणि कुठे पडते, यात खरा जीव आहे. सहा हजार आरपीएमला एक फेरी दहा मिलिसेकंदात संपते आणि मिश्रण जळायला एक-दोन मिलिसेकंद लागतात, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते आणि आरपीएम वाढेल तशी ती आणखी आधी. आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला दोन प्लग दिले, ते दोन ठिणग्यांची ऊर्जा मिळावी म्हणून नव्हे. दोन बाजूंनी पेटलं की ज्वालेला कमी अंतर कापावं लागतं. पण त्यासाठी हेड आणि टायमिंग त्या हिशेबाने बनवावं लागलं. 'अनलिमिटेड' सीडीआय यातलं टायमिंगच तेवढं बदलतो, ठिणगी आणखी आधी पाडतो, आणि आरपीएमची मर्यादा काढून टाकतो. थोडी ताकद मिळूही शकते, पण उन्हाळ्यात, डबलसीट चढावर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिनात ठोके, सुरू झालं की पिस्टनची किंमत त्या ताकदीत धरावी लागते.

बदल करून पैसे वसूल होतील अशी एकच जागा मला ठामपणे सांगता येते: पॉइंटवाली जुनी गाडी, म्हणजे जिच्यात कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडायला छोटा यांत्रिक स्विच असतो ती. येझदी असो की जुनी बुलेट, पॉइंटचा टेकू झिजतो, फट बदलते आणि तिच्याबरोबर टायमिंग सरकतं, त्यामुळे दर काही महिन्यांनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन बसावं लागतं. तिथे चांगलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, की पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी सुरू होते आणि टायमिंग जागेवर राहतं. फक्त बसवण्याआधी चार्जिंग सहा व्होल्टचं आहे की बाराचं, ते बघून घ्या. किट त्याप्रमाणे वेगळं येतं.