गार स्प्रेची पूर्वपीठिका

उन्हाळा तापू लागला की घरच्या घरी करायच्या गार स्प्रेच्या कृती सगळीकडे फिरू लागतात. इकडेतिकडे थोडा फरक, बाकी सामान तेच: पाणी, त्यात गुलाबपाणी, पेपरमिंट तेलाचे चार थेंब नाहीतर मेंथॉलचा एखादा खडा, हवे तर थोडे अल्कोहोल, आणि हे सगळे बारीक तुषार सोडणाऱ्या बाटलीत. पाच मिनिटांचे काम. पण या सामानाची कुळकथा काढायला बसलो तर एक गंमत लक्षात येते. यातली एकही जिन्नस अंग गार करण्यासाठी म्हणून पुढे आलेली नाही, अपवाद फक्त पाण्याचा. कोणी सुवासासाठी आले, कोणी पोटासाठी, आणि बाटलीचे तोंड तर थेट दवाखान्यातून आले.

पाण्याची गोष्ट सगळ्यांत जुनी आहे. ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते, हे माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. असे का होते, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकापर्यंत कोणी नीट हाती घेतला नव्हता. विल्यम कलन या स्कॉटिश वैद्याच्या एका शिष्याला दिसले, की अल्कोहोलमध्ये बुडवलेला थर्मामीटर बाहेर काढला की त्याचा पारा खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो. कलनने त्याचा पाठपुरावा केला आणि १७५६ मध्ये, उडून जाणारे द्रव थंडी कशी निर्माण करतात यावर निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी केंब्रिजमध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी हाच प्रयोग हट्टाने पुढे रेटला. थर्मामीटरच्या फुग्यावर ईथर हे झटकन उडून जाणारे द्रव लावायचे, भात्याने वारा घालायचा, ईथर उडाले की पुन्हा लावायचे. पारा ६५ अंश फॅरनहाइटवरून ७ अंशांवर आला, म्हणजे सेल्सियसमध्ये शून्याखाली सुमारे १४. फुग्यावर पाव इंच बर्फ साचला. या रीतीने भर उन्हाळ्यात माणूस गारठवून मारता येईल, असे फ्रँकलिनने एका पत्रात लिहून ठेवले आहे. पुढे जोसेफ ब्लॅकने अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली आणि या कोड्याचा हिशेब लागला: द्रवाची वाफ होताना लागणारी उष्णता तो ज्याला चिकटलेला असतो त्याच्याकडून उचलतो.

घामाचे कामही हेच, याचा सर्वांत चित्तथरारक पुरावा चार्ल्स ब्लॅगडेनच्या १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात आहे. काही धीट मंडळी एका तापवलेल्या खोलीत शिरली. तापमान चढवत चढवत १२० अंश सेल्सियसच्याही पुढे नेले. शेजारी ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक शिजली. माणसे मात्र चालत बाहेर आली. हवा कोरडी होती आणि घाम उडत होता, म्हणून.

आपल्या बाटलीला हे मोजमाप लावून पाहू. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. नुसते बसून असलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता तयार करते. म्हणजे स्प्रे दहाएक वेळा दाबून अंगावर मिलिलिटरभर पाणी मारले आणि ते सगळेच्या सगळे अंगावरून उडाले, तर शरीराची जेमतेम २४ सेकंदांची कमाई ते घेऊन जाते. पुन्हा ‘सगळे उडाले तर’ ही अट छोटी नाही. हवा आधीच बाष्पाने जड असेल तर पाणी अंगावर नुसते बसून राहते, निथळते, आणि निथळलेले पाणी काहीच नेत नाही. कोरड्या उन्हाळ्यात जो स्प्रे जादूचा वाटतो तोच दमट हवेत चिकचिकीत भर घालतो, त्याचे कारण हे.

मग पुदिना? इथे दुसरीच गोष्ट सुरू होते. पेपरमिंट ही पुदिन्याचीच एक जात, औषधी, मुख्यतः पोटाच्या तक्रारींसाठी वापरले जाई. लायडनमधल्या गॉबियस या वैद्याने १७७१ मध्ये त्याच्या तेलातून मिळणाऱ्या स्फटिकांचे वर्णन केले. मेंथॉल हे नाव १८६० च्या दशकात ओपेनहाइमने दिले. त्या स्फटिकांना हात लावला तर ते गार नसतात, तरी कातडीवर गारवा पसरतो. काही पदार्थ नसांना फसवतात अशी शंका जुनी होती, पण फसवाफसवी नेमकी कुठे होते हे २००२ मध्ये समजले. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे चेतापेशींवरचे एक सूक्ष्म दार शोधून काढले. टीआरपीएम८ हे त्याचे नाव. एरवी ते तापमान पंचविशीच्या आसपास किंवा खाली आले की उघडते आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेंथॉल चिकटले की तेच दार उबदार कातडीवरही उघडते. निरोप तोच, थंडी मात्र कुठेच नाही. स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या कामासाठी या दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले.

शरीर हा निरोप खरा मानते, ही यातली अडचण. मेंथॉल अंगावर फवारून केलेल्या प्रयोगांत लोकांना बरे वाटले, पण थंडी पडल्यासारखे वागून शरीर उष्णता धरून ठेवू पाहते, असेही त्यांत दिसले. संध्याकाळी बसल्या जागी मारायला ते छान आहे. भर उन्हात राबणाऱ्याला ‘आता मी गार आहे’ असे वाटणे मात्र धोक्याचे ठरू शकते. तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाजवळ तर मेंथॉल नेऊच नये, त्यांचा श्वास अडकू शकतो.

गुलाबपाण्याची कथा सुगंधाची. ऊर्ध्वपातनाने फुलांचे पाणी काढण्याच्या कृती नवव्या शतकातल्या अल-किंदीच्या नावावर असलेल्या सुगंधी द्रव्यांच्या ग्रंथात सापडतात. गारव्याच्या बाबतीत ते पाण्याइतकेच काम करते, वास तेवढा वरकड. अल्कोहोलही सुगंधाच्याच वाटेने आले. योहान मारिया फारिना या इटालियन अत्तरवाल्याच्या घराण्याने १७०९ पासून जर्मनीतल्या कोलोन शहरात जो धंदा थाटला, त्यातून ‘ओ द कोलोन’ हे अल्कोहोलात बनवलेले हलके अत्तर जगभर गेले. एके काळी लोक ते औषध म्हणून पोटातही घेत. अंगावर लावताच ते गार लागते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा भराभर उडते. मात्र ग्रॅममागे ते सुमारे ०.९ किलोज्यूलच नेते, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. झटका मोठा, कमाई लहान. तापलेल्या मुलांना स्पिरिटने पुसून काढायची पद्धत याच झटक्यावर भिस्त ठेवून बरीच वर्षे चालली. कातडीतून आणि श्वासातून अल्कोहोल आत जाऊन मुलांना विषबाधा होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी ती सोडायला लावली. स्प्रेमध्ये त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. पेपरमिंट तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. थोडे अल्कोहोल ते मिसळायला मदत करते. नाहीतर दर वेळी बाटली जोराने हलवावी लागते, आणि विसरलात तर शेवटच्या दोन फवाऱ्यांत निव्वळ तेल येऊन कातडी चुरचुरते.

आता बाटलीचे तोंड. १८६६ मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या इंग्रज डॉक्टरने ईथरचा बारीक फवारा मारून कातडी गोठवायची आणि छोटी शस्त्रक्रिया उरकायची, अशी पद्धत आणली. कलन-फ्रँकलिनचा तोच प्रयोग, थर्मामीटरऐवजी रुग्णावर. गारव्यासाठी नाही, बधिरतेसाठी. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या टोलेडोमध्ये ॲलन डिव्हिल्बिस या डॉक्टरांनी घशात औषध फवारायला रबरी फुग्याचे ॲटमायझर बनवले. पुढे त्यांच्या कंपनीने तेच अत्तराच्या कुप्यांवर चढवले. दाबाने भरलेल्या डब्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोथाइमची, १९२० च्या दशकातली. अशा डब्यांत पुढे भरले गेलेले क्लोरोफ्लोरोकार्बन वायू ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू मागे पडले. घरी आपण वापरतो ती बोटाने दाबायची साधी पंपाची बाटली या भानगडीपासून दूरच होती.

या सगळ्या उसनवारीत एक प्रकरण मात्र खास अंग गार करण्यासाठीच घडले. हज यात्रेत उष्माघाताने आणलेल्या रुग्णांसाठी वायनर आणि खोगाली या संशोधकांनी एक खाट बनवली आणि १९८० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जाळीच्या खाटेवर रुग्ण, त्याच्या अंगावर १५ अंशांच्या पाण्याचे तुषार, आणि सोबत वारा, तोही गरम, ४५ अंशांचा! तापलेल्या माणसावर गरम वारा सोडणे वेडेपणाचे वाटते. पण कातडी फार गार पडली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. कातडी उबदार राहिली तर रक्त वर येत राहते आणि पाणी भराभर उडते. आज धडधाकट माणसाला कष्टाने उष्माघात झाला तर बर्फाच्या पाण्यात बुडवणे जास्त वेगाचे मानतात, तरी तुषार आणि वारा ही जोडी टिकून आहे.

म्हणून मी स्वतः करतो त्या बाटलीत नुसते उकळून निववलेले पाणी असते आणि तिची जागा पंख्याशेजारी. हौस म्हणून कधी पेपरमिंटचा एखादा थेंब पडतो. घरच्या स्प्रेत टिकाऊ द्रव्य नसते, त्यामुळे पाण्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. थोडेसेच करायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे, आणि दोन-तीन दिवसांत उरले तर कुंडीत ओतायचे.