गीझर सारखा चालू-बंद का होतो: बंबापासूनची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत एक वाद हटकून निघतो: गीझर दिवसभर चालू ठेवावा, की आंघोळी आटोपल्यावर बटण बंद करावे? कोणी नळ उघडला नसतानाही लाल दिवा मधूनच लागतो आणि विझतो. बंद करणाऱ्यांना ती उधळपट्टी वाटते. चालू ठेवणारे म्हणतात, गार पाणी पुन्हा तापवायलाच जास्त वीज लागते.

या वादाचे मूळ गीझरच्या आधीचे आहे. बंबात कोळसा जळत असेपर्यंत पाणी तापत राहायचे, आवरायचे माणसानेच. मग आलेला रॉड तर पाणी उकळले तरी थांबत नाही, आणि बटण बंद केल्याशिवाय बादलीत हात घालायची सोय नाही. ‘काम झाले की बंद’ ही शिस्त तिथली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रदेशात भारनियमन इतके होते की उलटी सवयही लागली: लाइट आहे तोवर टाकी तापवून घ्या.

आपोआप थांबणाऱ्या यंत्राची कल्पना मात्र बरीच जुनी. दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी तापली की वाकते, कारण एक धातू दुसऱ्याहून जास्त प्रसरण पावतो. या तत्त्वावरच्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप तापवणे थांबवणाऱ्या साधनाचे, पेटंट एका स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये घेतले.

गीझरमधला थर्मोस्टॅट ६० अंशांवर लावला, तर तो ६० ला वीज तोडतो, पण ५९ ला लगेच जोडत नाही. पाणी काही अंश उतरू देतो. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर संपर्कबिंदू सारखे उघडझाप करून जळून गेले असते. २५ लिटरच्या टाकीत पाणी ५ अंश उतरले, तर २ किलोवॅटचे एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची नळी) ते साडेचार मिनिटांत भरून काढते आणि ०.१५ युनिटही लागत नाही. तेच पाणी १५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला सुमारे ४० मिनिटे आणि १.३ युनिट लागतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवूनच ‘चालू’वाले जिंकल्यासारखे बोलतात, आणि तिथेच चुकतात. टाकी जितकी गरम, तितकी ती बाहेरच्या हवेला जास्त उष्णता देते. बंद टाकी हळूहळू गार होत जाते, त्यामुळे तिची उष्णतेची गळतीही कमी होत जाते. पुन्हा तापवताना तेवढीच, म्हणजे कमी झालेली गळती भरून द्यावी लागते. सुरू होताना जास्तीची वीज ओढली जाते हेही खरे नाही. एलिमेंट म्हणजे मोटार नव्हे. थंड देशांत घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरचे गणित वेगळे: तिथे दर वेळी पेटताना पंख्याने आतली हवा बाहेर काढावी लागते, तीबरोबर उष्णताही जाते, म्हणून ज्योत कमी-जास्त करणारे बॉयलर आले. गीझरला ती अडचण नाही.

तेव्हा बंद करणारेच बरोबर. फक्त बचत किती, हे टाकीभोवतीच्या आवरणावर ठरते. २००६ मध्ये देशात उपकरणांना वीजबचतीचे तारे द्यायला सुरुवात झाली, गीझर त्यात पुढे आले. त्यांची पारख होते ती २४ तासांत ४५ अंशांच्या फरकाला पाणी नुसते गरम ठेवण्यात किती वीज मुरते यावर. जुन्या, आवरण खचलेल्या टाकीत ही वीज जास्त मुरते. नव्या पाच ताऱ्यांच्या टाकीत एवढे भांडण्याजोगे काही उरत नाही.

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत मात्र दिव्याकडे लक्ष हवे. एलिमेंटवर क्षारांचा थर चढला की उष्णता पाण्यात उतरायला वेळ लागतो, थर्मोस्टॅटच्या नळीजवळ ती आधी साचते आणि पाणी कोमट असतानाच दिवा विझतो. अशा वेळी बटणाचा वाद बाजूला ठेवून एलिमेंट काढून साफ करून घ्यावे.