डिजिटल नियमांच्या मसुद्यावर हरकती व सूचना कशा नोंदवाव्यात : पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

आपल्या मोबाइलमधील माहिती कोणी किती काळ ठेवावी, समाजमाध्यमांवरील मजकूर कधी हटवावा, इंटरनेटचे दर कसे आकारावेत, यांचे तपशील बहुधा संसदेने केलेल्या मूळ कायद्यात सापडत नाहीत. ते त्या कायद्याखाली शासनाने केलेल्या नियमांत आणि नियामक संस्थांनी केलेल्या विनियमांत असतात. असे नियम अंतिम करण्यापूर्वी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत अनेकदा बातमीत येईपर्यंतच निम्मी सरलेली असते, म्हणून कार्यपद्धती आधीच माहीत असलेली बरी.

मसुदा कोणत्या तरतुदीखाली आला आहे?

सर्वप्रथम हेच पाहावे, कारण तुमच्या हरकतीचे कायदेशीर वजन त्यावर ठरते. मूळ कायद्यात नियम ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ करावेत असे म्हटले असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 चे कलम 23 लागू होते. त्यानुसार मसुदा प्रसिद्ध करणे, तो कोणत्या तारखेला किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल हे कळवणे आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती विचारात घेणे शासनावर बंधनकारक असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 40 मध्ये ही अट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 87 मध्ये मात्र ती नाही. त्यामुळे समाजमाध्यम कंपन्यांना लागू असलेल्या नियमांतील दुरुस्तीवर लोकांचे मत मागवले जाते ते मुख्यतः केंद्र शासनाच्या 2014 च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणाच्या, म्हणजे कायदे व नियम करण्यापूर्वी लोकांचे मत घेण्याच्या धोरणाच्या आधारे. त्या धोरणात किमान 30 दिवसांची मुदत सांगितली आहे, पण कारण नोंदवून सल्लामसलत टाळण्याची मोकळीकही मंत्रालयाला दिली आहे.

या फरकाचा परिणाम मुदतीत दिसतो. डेटा संरक्षण नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 रोजी प्रसिद्ध झाला. सूचनांसाठी 18 फेब्रुवारीपर्यंत मुदत होती आणि ती पुढे 5 मार्चपर्यंत वाढवण्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुरावर खूणचिठ्ठी लावण्याबाबतचा मसुदा 22 ऑक्टोबर 2025 रोजी आला, तेव्हा सुरुवातीची मुदत 6 नोव्हेंबर, म्हणजे जेमतेम पंधरवडा होती, आणि तीही दिवाळीच्या दिवसांत सुरू झालेली. नंतर ती आठवडाभराने वाढवली गेली, तरी वाढीच्या भरवशावर बसू नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, पद्धत निराळी आहे. 1997 च्या ट्राय अधिनियमाच्या कलम 11(4) नुसार प्राधिकरणाने कामकाजात पारदर्शकता राखणे आवश्यक आहे. त्यानुसार आधी प्रश्नांसह सल्लामसलत पत्र निघते, त्यावर लेखी मते येतात, त्या मतांवर प्रतिमते मागवली जातात आणि बहुधा खुली चर्चाही होते. प्रतिमताचा टप्पा सामान्य माणसासाठी विशेष उपयोगाचा आहे, कारण मोठ्या कंपन्यांनी काय मागितले आहे ते वाचून त्यावर थेट उत्तर देता येते.

पात्रता आणि कागदपत्रे

वय, शिक्षण, व्यवसाय यांची अट नसते. व्यक्ती, ग्राहक संघटना, शिकवणी वर्ग, सहकारी पतसंस्था, लहान दुकानदार, परदेशात राहणारे भारतीय अशा कोणालाही मत नोंदवता येते. आधारपत्र, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र, शुल्क यांपैकी काहीही लागत नाही, आणि कोणी ‘अर्ज भरून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. मायगव्ह या केंद्र शासनाच्या लोकसहभागाच्या संकेतस्थळावर मत द्यायचे असल्यास मोबाइल क्रमांक किंवा ईमेल वापरून नोंदणी करावी लागते. सूचनेत ईमेल किंवा टपालाचा पत्ता दिला असेल तर साधे पत्र पुरते. संस्थेने मात्र आपल्या लेटरहेडवर, अधिकृत व्यक्तीच्या सहीने आणि शक्य असल्यास कार्यकारिणीच्या ठरावाच्या प्रतीसह पत्र पाठवावे.

केंद्रीय राजपत्रात मसुदे हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होतात आणि छाननीही प्रामुख्याने याच भाषांत होते. मराठीत लिहायचे असल्यास जरूर लिहावे, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा.

हरकत लिहिण्याची पद्धत

बहुतेक हरकती वाया जातात त्या येथे. ‘हा नियम अन्यायकारक आहे, रद्द करावा’ एवढेच लिहिलेले पत्र दाखल होते, पण छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला ते कोणत्या नियमासमोर मांडावे हे कळत नाही. मंत्रालये मते नियमनिहाय मागवतात, म्हणून प्रत्येक मुद्द्यासाठी नियम व उपनियमाचा क्रमांक, आक्षेप असलेले शब्द, त्यातून होणारी अडचण आणि सुचवलेला पर्यायी मजकूर या क्रमाने लिहावे.

डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यातील नियम 10 चे उदाहरण घेऊ. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, आणि पालक म्हणवणारी व्यक्ती सज्ञान व ओळख पटण्याजोगी आहे याची खातरजमा करावी, असे त्यात होते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी मुले हंगामभर आजीजवळ राहतात. तिथल्या एखाद्या शिक्षिकेने पुढीलप्रमाणे लिहिले असते तर ते छाननीत टिकले असते : ‘मसुदा नियम 10(1). संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे एवढेच तपासण्याची तरतूद आहे. तिचे मुलाशी नाते काय, हे तपासण्याची रीत दिलेली नाही. दुसरीकडे, आईवडील स्थलांतरित असताना मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी आजी कायदेशीर पालक नसल्याने संमती देऊ शकत नाही, आणि मूल शैक्षणिक ॲपपासून वंचित राहते. शाळेच्या नोंदीत सांभाळकर्ता म्हणून नाव असलेल्या नातेवाइकास मर्यादित शैक्षणिक कारणांसाठी संमती देता यावी, असे उपनियमात जोडावे.’ एका परिच्छेदात क्रमांक, त्रुटी, प्रत्यक्ष परिस्थिती आणि उपाय आले. कायद्याचे शिक्षण यासाठी लागत नाही. लागते ती आपल्या भागाची माहिती, आणि ती दिल्लीतल्या अधिकाऱ्याकडे असेलच असे नाही.

एकाच साच्यातली हजारो पत्रे पाठवण्याचा मोह टाळावा. डेटासेवांच्या वेगवेगळ्या दरांबाबत ट्रायने डिसेंबर 2015 मध्ये सल्लामसलत सुरू केली, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’च्या, म्हणजे निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या सेवेच्या बाजूने लाखो साचेबंद संदेश पाठवले. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नव्हती, ही बाब ट्रायने उघडपणे नोंदवली, आणि 8 फेब्रुवारी 2016 च्या विनियमांनी मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाईच केली.

पत्रात आपला मोबाइल क्रमांक व घरचा पत्ता गरजेपुरताच द्यावा. ट्रायकडे आलेली मते संकेतस्थळावर जाहीर होतात. एप्रिल 2015 मध्ये तर दहा लाखांहून अधिक लोकांचे ईमेल पत्तेही त्यांच्या मतांबरोबर जाहीर झाले होते. डेटा संरक्षण नियमांच्या वेळी मंत्रालयाने याउलट भूमिका घेतली आणि वैयक्तिक मते गोपनीय ठेवली जातील असे कळवले. नियमांच्या मसुद्याऐवजी एखादे विधेयक संसदेच्या समितीकडे असताना तिला निवेदन पाठवल्यास ते समितीच्या अभिलेखाचा भाग बनते आणि समितीच्या परवानगीशिवाय त्याचा मजकूर इतरत्र प्रसिद्ध करता येत नाही. समितीसमोर प्रत्यक्ष बोलायचे असल्यास तशी इच्छा निवेदनातच नमूद करावी.

मुदत संपल्यानंतर

पाठवलेल्या ईमेलची प्रत, पोचपावती किंवा मायगव्हवरील नोंदीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. आपल्या हरकतीवर स्वतंत्र उत्तर येण्याची अपेक्षा ठेवू नये. तशी तरतूद नाही. मात्र 2014 च्या धोरणानुसार आलेल्या मतांचा सारांश आणि त्यावरील मंत्रालयाचा प्रतिसाद संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित आहे. तो दिसत नसल्यास माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क माफ आहे. अर्जात ‘नियमनिहाय मतांचा सारांश, त्यावरील शेरे आणि मसुदा व अंतिम नियम यांतील बदलांची कारणमीमांसा’ एवढेच मागावे. इतर व्यक्तींची नावे मागितल्यास अर्ज वैयक्तिक माहितीच्या कारणावरून अडकतो. 30 दिवसांत उत्तर न आल्यास पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करता येते.